खडकवासल्याची दारं आणि फर्ग्युसनमधलं गणित : अरेषीय नियंत्रणाचा एक इतिहास

विषयाचं नाव जरा अवघड आहे, अरेषीय नियंत्रण. इंग्रजीत नॉनलिनियर कंट्रोल म्हणतात, आणि आपण दोन्ही शब्द वापरू. हा विषय शिकायचा म्हणजे काय शिकायचं, त्यामागचं गणित कुठून आलं आणि आपल्या महाराष्ट्राचा त्यात वाटा काय, हे आज बघायचं आहे. शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर पुण्यात अर्धं सापडतं आणि उरलेलं अर्धं सोनईसारख्या गावांनी द्यायचं आहे.

सुरुवात आपल्या मुळा कालव्यापासून करू. आवर्तन सुटलं की दार किती उचलायचं हे ठरतं. आता दार तेवढंच उघडं ठेवलं आणि दारामागची पाण्याची उंची वाढली, तर पाणी किती वाढेल? सरळ हिशेब म्हणतो, उंची चौपट झाली तर पाणीही चौपट. तसं होत नाही. दाराखालून मोकळं पडणारं पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतं. उंची १ असताना १ माप पाणी येत असेल, तर उंची ४ झाल्यावर २ मापं येतं आणि ९ झाल्यावर ३. याचा आलेख काढला तर तो सरळ रेषेत जात नाही, वाकत जातो. असा वाकणारा संबंध म्हणजे अरेषीय.

मग अभियंते काय करतात? उंची ४ च्या आसपास काम करायचं असेल, तर तिथे त्या वक्राला एक सरळ रेषा टेकवतात आणि वक्राऐवजी रेषा वापरतात. उंची ५ झाली की रेषा सांगते, २.२५ मापं येतील. खरं उत्तर आहे साधारण २.२४. म्हणजे उत्तम जमलं. पण उंची १ वर आली की रेषा म्हणते १.२५, आणि प्रत्यक्षात येतं १. पुढे कालवा कोरडा पडला, उंची शून्य झाली, तरी रेषा सांगतच राहते की १ माप पाणी वाहतंय! टेलच्या शेतकऱ्याला विचारा, कागदावरचं पाणी आणि चारीतलं पाणी यांतला फरक काय असतो. जवळपास राहिलात तर रेषा खरी असते. लांब गेलात की ती फसवते. आपल्या बहुतेक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत कंट्रोलचा पहिला पेपर या रेषेचा असतो. रेषा कधी सोडायची, ते शिकणं म्हणजे अरेषीय नियंत्रण शिकणं.

आता इतिहासाकडे वळू. जुन्या मंडळींना विहिरीवरचं ऑइल इंजिन आठवत असेल. त्याला गव्हर्नर असायचा. वेग वाढला की इंधन कमी, वेग पडला की इंधन जास्त. यालाच फीडबॅक म्हणायचं. जेम्स वॉटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याचीच ही नातवंडं. पण हा गव्हर्नर कधी कधी नीट बसवूनही इंजिन एका वेगाला स्थिर होत नसे. वेग वाढे, पडे, परत वाढे, असे हेलकावे चालूच. इंजिनं सुधारत गेली तशी ही तक्रार वाढत गेली. का, ते कुणाला कळेना.

१८६८ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने गव्हर्नरवर एक निबंध लिहिला. त्याने यंत्राचं अवकल समीकरण मांडलं, म्हणजे या क्षणी काय स्थिती आहे त्यावरून पुढच्या क्षणी काय बदल होईल हे सांगणारं समीकरण. मग त्याला सरळ रेषा टेकवली आणि हेलकावे विरणार की वाढणार हे ठरवायची अट काढली. रशियात विश्नेग्राद्स्की यांनी १८७६ मध्ये स्वतंत्रपणे तेच काम केलं. हे सगळं रेषेच्या जगातलं. पण मोठा प्रश्न तसाच राहिला. रेषा म्हणते यंत्र स्थिर आहे, म्हणून खरं यंत्र स्थिर असेलच कशावरून?

या प्रश्नाला हात घातला अलेक्झांडर ल्यापुनोव्ह यांनी. १८९२ साली त्यांचा प्रबंध खार्कोव्हमध्ये छापला गेला. विषय होता, गतीच्या स्थैर्याचा सर्वसाधारण प्रश्न. त्यांनी दोन गोष्टी दिल्या. पहिली अशी : रेषेचं उत्तर ठामपणे ‘स्थिर’ असेल, तर खरं यंत्रही त्या जागेच्या आसपास स्थिर असतं. पण रेषेचं उत्तर काठावरचं असेल, तर रेषेवर विसंबू नका, तिथे ती काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला फार आवडते, कारण ती समजायला समीकरण सोडवावं लागत नाही. कढईत एक वाटाणा सोडा. तो कसा कसा गडगडेल, किती वेळा इकडून तिकडे जाईल, हे सांगणं कठीण आहे. पण शेवटी तो तळाशी बसेल, हे कुणीही सांगेल. का? कारण घर्षणात त्याची ऊर्जा खर्च होत जाते आणि खाली जायला एकच तळ आहे. ल्यापुनोव्ह म्हणाले, कुठल्याही यंत्रासाठी अशी एक कढई शोधा. म्हणजे अशी एक राशी, जी तळाशी शून्य असते, इतरत्र धन असते आणि यंत्र चालू असताना सतत घटत जाते. ती सापडली की समीकरण न सोडवताच स्थैर्य सिद्ध झालं. अडचण एकच. ही कढई शोधायची कशी, याची ठरलेली कृती नाही. आजही या विषयातल्या कितीतरी संशोधनाचा अर्थ एवढाच असतो, की एका नव्या प्रकारच्या यंत्रासाठी कुणीतरी नवी कढई शोधली.

इथून आपण पुण्यात येऊ.

विसावं शतक नुकतंच लागलेलं. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून अभियंते होऊन मुंबई सरकारच्या नोकरीत शिरलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा पुणे भागातल्या पाटबंधाऱ्यांचं काम पाहत होते. खडकवासल्याच्या तलावात पुराचं जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. भिंत न वाढवता साठा वाढवायचा होता. सांडव्यावर साधी दारं बसवली तर पाणी अडेल, पण रात्री-अपरात्री पूर आला तर दारं उघडायची कुणी? त्यांनी स्वयंचलित दारं रचली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं, की तेच पाणी यंत्रणेचा तोल बदलायचं आणि दारं उघडायची. पूर ओसरला की दारं परत बसायची. माणूस नको, इंजिन नको. १९०३ मध्ये ही दारं तिथे कामाला लागली. त्यांचं पेटंट झालं, आणि पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारं आली.

आता आजच्या विषयाच्या नजरेने बघा. हा शुद्ध फीडबॅक आहे, आणि तो अरेषीय आहे. ठरलेल्या पातळीपाशी दाराचं वागणं एकदम बदलतं, तिथे कुठली सरळ रेषा टेकवणार? घरच्या टाकीला पाणी भरायचा ऑटोमॅटिक स्विच असतो, तो याच जातीचा. त्यात चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी एकच ठेवली, तर पाण्याच्या नुसत्या हिंदोळ्याने मोटार चालू-बंद, चालू-बंद करत बसेल आणि जळेल. म्हणून दोन पातळ्यांमध्ये अंतर ठेवतात. किती ठेवायचं? कारागीर अनुभवाने सांगतो. त्याचं गणित, म्हणजे अशा चालू-बंद यंत्रांचा सिद्धांत, जगात नीट उभा राहिला तो १९४० नंतर. खडकवासल्याची दारं त्याच्या चाळीस वर्षं आधीची.

हे झालं यंत्र. आता गणित.

१९३३ साली फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे एक तरुण प्राध्यापक आले, दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, १९०७ चा. पाली पंडित धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. हार्वर्डमधून पदवी घेतलेली, बनारस आणि अलीगढला शिकवून झालेलं. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो इतिहासकार म्हणून. प्राचीन भारत, नाणी, लेणी, मातृदेवता, हे त्यांचं काम. ते योग्यच आहे. पण त्यांचा मूळ धंदा गणिताचा, आणि त्या गणिताचं थेट नातं आजच्या विषयाशी आहे.

त्याच वर्षी जर्मनीतल्या ‘मॅथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट’ या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. त्याच अंकात, त्याला लागूनच, फ्रान्सचे थोर भूमितितज्ज्ञ एली कार्तां यांनी त्या निबंधावर आपली टिपणी छापली. पुढे १९३९ मध्ये चीनचे शिंग-शेन चर्न यांनी त्यात भर घातली. म्हणून आज हा सिद्धांत कोसंबी-कार्तां-चर्न या तीन नावांनी ओळखला जातो.

यात आहे काय? प्रश्न असा. एखादी वस्तू कुठे आहे आणि किती वेगाने चालली आहे, त्यावरून तिचा वेग कसा बदलेल हे सांगणारं समीकरण आपल्याकडे आहे. समीकरण अरेषीय आहे. वस्तू एका वाटेने चालली. आता तिला अगदी शेजारून, केसभर वेगळ्या जागेवरून सोडलं, तर दुसरी वाट पहिलीच्या जवळ येत जाईल की लांब जात राहील? आणि हे उत्तर असं हवं, की मी गजाने मोजलं काय किंवा फुटाने, सरळ अक्ष घेतले काय किंवा वाकडे, ते बदलता कामा नये. मोजपट्टी बदलल्याने यंत्र स्थिर होत नाही ना! कोसंबींनी अशा, मोजपट्टी बदलली तरी न बदलणाऱ्या गोष्टींची भूमिती उभी केली. पुढे या सिद्धांतात अशा पाच राशी मांडल्या गेल्या, आणि त्यांतली एक बरोबर हेच सांगते की शेजारच्या वाटा एकमेकींकडे ओढल्या जातात की फाकतात. एकविसाव्या शतकात अनेक संशोधकांनी ती अरेषीय यंत्रणांचं स्थैर्य तपासायला वापरली आहे.

तर मंडळी, चित्र असं. पुण्याजवळ, खडकवासल्याला, चालतं अरेषीय नियंत्रण. त्याच पुण्यात, फर्ग्युसनमध्ये, अरेषीय समीकरणांच्या स्थैर्याचं जागतिक दर्जाचं गणित. आणि या दोघांची भेट झाली नाही. विश्वेश्वरय्या त्याआधीच मुंबई सरकारची नोकरी सोडून गेले होते, त्यामुळे या दोन माणसांनी एकत्र काम करायचा प्रश्नच नव्हता. पण यंत्र तिथेच होतं, कॉलेजं तिथेच होती.

भेट का झाली नाही? आमच्या मते कारण माणसांत नाही, रचनेत आहे. इंग्रजी अमदानीतली अभियांत्रिकी कॉलेजं मुख्यतः सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसं पुरवायला काढलेली. इंजिन विलायतेहून यायचं, गव्हर्नर बसवूनच यायचा. ते चालवता आणि दुरुस्त करता आलं की झालं. ते तसं का वागतं, हा प्रश्न परीक्षेत नव्हता. दुसऱ्या बाजूला गणिताचा प्राध्यापक दिवसा पदवीचे वर्ग घ्यायचा आणि आपलं संशोधन पाकिटात घालून युरोपला पाठवायचा, कारण ते वाचणारे तिथे होते. एकाच गावात दोन आळ्या, आणि मध्ये बोळ नाही.

इथे कुणी म्हणेल, हे सगळीकडेच होतं. बरोबर आहे. ल्यापुनोव्हचा प्रबंध फ्रेंचमध्ये १९०७ सालीच उपलब्ध होता, तरी पश्चिमेतल्या अभियंत्यांनी त्याकडे पन्नास वर्षं फारसं पाहिलं नाही. मग जिथे भेट झाली, तिथे ती कशी झाली?

रशियात कझान शहरात १९३० च्या दशकात निकोलाय चेताएव्ह यांनी ल्यापुनोव्हचं गणित विमानविद्येच्या विद्यार्थ्यांसमोर नेलं. विमान डुलतं का, हा प्रश्न आणि कढईची युक्ती एका वर्गात आली. गॉर्की शहरात अलेक्झांडर आंद्रोनोव्ह यांनी रेडिओच्या मंडलांतले हेलकावे आणि प्वांकारेचं गणित एकत्र बसवलं. विट् आणि खैकिन या दोन सहकाऱ्यांसह लिहिलेलं त्यांचं आंदोलनांवरचं पुस्तक १९३७ मध्ये निघालं, पण त्यावर विट् यांचं नाव नव्हतं. स्टालिनच्या धरपकडीत ते पकडले गेले होते आणि ते परत आले नाहीत. त्यांचं नाव पुस्तकावर यायला १९५९ ची आवृत्ती उजाडावी लागली. विद्येची भेट घडवणाऱ्यांनी अशी किंमतही मोजली आहे.

अमेरिकेत हे काम एका माणसाच्या आयुष्यातच घडलं. सोलोमन लेफ्शेट्झ हे अभियंता होते. १९०७ मध्ये ट्रान्सफॉर्मरच्या अपघातात त्यांचे दोन्ही हात गेले. मग ते गणिताकडे वळले आणि मोठे गणिती झाले. आंद्रोनोव्हचं पुस्तक त्यांनी इंग्रजीत आणवलं, आणि १९५७ मध्ये स्पुटनिक उडाल्यावर बाल्टिमोरला अरेषीय समीकरणांवर काम करणारा गट उभा केला. १९६० मध्ये मॉस्कोला स्वयंचलित नियंत्रणाची पहिली जागतिक परिषद भरली, आणि त्याच वर्षी कालमन आणि बर्ट्रम यांचा ल्यापुनोव्हच्या पद्धतीवरचा निबंध अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या नियतकालिकात छापून आला. प्रबंधानंतर ६८ वर्षांनी!

आणि महाराष्ट्र? १९५८ मध्ये पवईला आयआयटी निघाली, युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने. इथे पहिल्यांदा आपल्याकडे अभियंता आणि गणिती एका आवारात, एका कँटीनमध्ये आले. त्याचं फळ पुढच्या वीस वर्षांत दिसलं. १९७६ मध्ये तिथून पदवी घेतलेले विवेक बोरकर बर्कलीला जाऊन परत भारतात आले. चुकत-माकत शिकणाऱ्या यंत्राचा सरासरी प्रवास एका अवकल समीकरणाच्या वाटेने कसा जातो आणि ते शिकणं कुठे स्थिरावतं, यावर त्यांचं काम आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासात पायाभूत मानलं जातं. तिथेही सिद्धतेत ल्यापुनोव्हची कढई आहेच. १९७७ चे शंकर शास्त्री बर्कलीत प्राध्यापक झाले, आणि अरेषीय यंत्रणांवरचं त्यांचं १९९९ चं पुस्तक जगभर शिकवलं जातं. पवईतच स्लायडिंग मोड कंट्रोलवर, म्हणजे चालू-बंद पद्धतीच्याच एका प्रगत रूपावर, बी. बंद्योपाध्याय यांच्या गटाने वर्षानुवर्षं काम केलं. खडकवासल्याच्या दारांची जात आणि गणित, दोन्ही शेवटी एका फळ्यावर आली.

आता विद्यार्थ्यांसाठी. हा विषय शिकायचा तर गणित किती लागतं? शिडीला पायऱ्या मोजक्या आहेत. पहिली कलनशास्त्र. दुसरी रेषीय बीजगणित, म्हणजे मॅट्रिक्स आणि त्यांची आयगेन मूल्यं. तिसरी अवकल समीकरणं, पण नुसती सोडवण्याची नव्हे, तर उत्तर आहे का आणि एकच आहे का, हे विचारण्याची सवय. चौथी प्रतल-चित्रं : वेग आणि स्थान एका कागदावर काढून वाटा बघायच्या. पाचवी ल्यापुनोव्ह. पदवीचा विद्यार्थी नेटाने बसला तर इथपर्यंत येतो. सहावी पायरी भूमितीची, तिथे कोसंबींच्या घराण्यातलं गणित येतं, आणि तिथे धाप लागते हे आधीच सांगून ठेवतो.

पण सहाव्या पायरीचंही उदाहरण इथे रस्त्यावर उभं आहे. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बघा. पुढे चालवा, ट्रॉल्या आपोआप सरळ मागे येतात. तोच रिव्हर्स घ्या, केसभर वाकडेपणा वाढत जातो आणि ट्रॉली आडवी होते. पुढे जाताना स्थिर, मागे येताना अस्थिर. आणि ट्रॅक्टर आडवा सरकू शकत नाही, तरी ड्रायव्हर पुढे-मागे आणि डावी-उजवी करून त्याला आडवा सरकवतोच की! दोन हालचालींचा क्रम उलटसुलट केला की तिसरीच हालचाल जन्माला येते. गणितात याला ली ब्रॅकेट म्हणतात, नॉर्वेच्या सोफस ली यांच्या नावावरून. १९७० च्या दशकात नियंत्रणशास्त्राने ते आपलंसं केलं. आमच्याकडचा चांगला ड्रायव्हर ते हातांनी जाणतो.

कारखान्यातही चला. उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा धूर देतात आणि पीएच सातच्या आसपास राखतात. पीएचचं मोजमापच असं, की एक अंक सरकला म्हणजे दहापट फरक. म्हणून चुन्याची तीच मात्रा एका ठिकाणी काहीच करत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी पीएच एकदम उडवते. जगातल्या अरेषीय नियंत्रणाच्या पाठ्यपुस्तकांत पीएच राखणं हे नेहमीचं उदाहरण असतं. सोनईत ते हंगामभर, रात्रंदिवस चालू असतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. आपल्याकडे १९०३ मध्ये यंत्र होतं, १९३३ मध्ये गणित होतं, आणि दोघांना समोरासमोर बसवणारी जागा नव्हती, म्हणून हा विषय आपल्याकडे बाहेरून यावा लागला. सोनईत आज कारखाना आहे, कालवा आहे, महाविद्यालय आहे, हातात मोबाइलवर जगभरची व्याख्यानं आहेत. कारखान्यातला पीएच सांभाळणारा माणूस, पाटकरी आणि गणिताचा शिक्षक हे तिघं महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसले, आणि एकाने विचारलं की हे असं का वागतं, तर बाकीचं होईल. आणि ते मराठीत व्हावं. ज्या नेवासे तालुक्यात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथे अवघड विद्या आपल्या भाषेत नको, असं म्हणायची सोय कुणाला नाही.

प्रश्न असतील ते विचारा. ट्रॅक्टर ड्रायव्हर मंडळींनी आधी विचारले तर आम्हाला जास्त आनंद होईल.